नव्वद दिवसांचा नियम

मुरबाड,
१८ ऑगस्ट २०२५

चि. हौसा हिस नथूदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र किन्हवलीच्या गाडीच्या कंडक्टरने आणून दिलं. पत्र कसलं, साखरेच्या पुड्याचा कागद. त्यावर तारीख नाही, गावाचं नाव नाही, आणि शेवटच्या दोन ओळी तेलात गेलेल्या. वाचून कळलं ते एवढंच: तुझ्या मनालीला नर्सिंग कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मिळाला, जातपडताळणीचा अर्ज भरल्याची पावती १५ सप्टेंबरपर्यंत दिली नाही तर ती जागा दुसऱ्या मुलीला जाणार, आणि अर्जाला लागणारा तुझ्या सासऱ्यांचा, म्हणजे धाऊमामांचा, शाळा सोडल्याचा जुना दाखला तुझ्या घरात सापडत नाही. पहिली बातमी वाचून आनंद झाला. शेवटच्या बातमीचं नवल वाटलं नाही. तुझ्या घरात काही सापडलं तर मला नवल वाटेल.

फोनवर बोलून उपयोग नाही. तीस वर्षं एसटीच्या कंट्रोल केबिनमध्ये हॉर्न ऐकून माझे कान गेले, कानातलं यंत्र नुसत्या शिट्ट्या मारतं, आणि तुझ्या पाड्यावर रेंज नाही. म्हणून लिहितो. लिहिलेलं निदान विसरता येत नाही, अर्थात तू ते हरवू शकतेस.

परवा इथल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात माझं ‘रोजची शिस्त’ या विषयावर भाषण झालं. निम्मे लोक झोपले होते आणि अध्यक्ष डोक्यावरचा चष्मा खिशात शोधत होते. त्यांना सांगितलं तेच तुला सांगतो. वस्तू हातात घेतली की ती जागेवर ठेवल्याशिवाय खाली बसायचं नाही. कागद घरात आला की त्याच दिवशी तारीख घालून फाइलला लावायचा. सकाळी चहाच्या आधी दहा मिनिटं आदल्या दिवसाचा पसारा आवरायचा. ज्या वस्तूला नव्वद दिवस कुणाचा हात लागला नाही, तिला घरात जागा नाही. पाहुणे जे विसरून जातात त्यालाही माझ्याकडे हाच नियम आहे: नोंदवहीत नोंद, नव्वद दिवस वाट, मग निकाल. यात डोंगर उचलायचा नाही. लहान पोरालाही हे जमतं. तुला पंचावन्नाव्या वर्षीही जमलेलं नाही.

दाखला शोध. तुझ्या वहिनीचे, सुंदराचे, तुम्हा दोघींना आशीर्वाद. लोभ आहेच, कागद सापडल्यावर तो वाढायला हरकत नाही.

तुझा,
नथूदादा

---

पाडा, डोळखांबजवळ,
२० ऑगस्ट (तारीख घातली आहे, डोळे भरून बघ)

ती. स्व. दादास हौसाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षर छान, समास सोडलेला, खाली रेघ मारलेली. कानउघाडणी करायलाही तू पट्टी घेऊन बसतोस याचं कौतुक वाटतं.

तुझ्या घरातली शिस्त मी पाहिली आहे. गेल्या भाऊबीजेला मी चौथ्या फळीवरचा तांब्या पाणी पिऊन सहाव्या फळीवर ठेवला, तर तू ताटावरून उठून तो परत चौथीवर ठेवलास आणि मगच पुढचा घास घेतलास. वहिनीनं तिची शिवणाची पेटी आणि आईचा पाटा शेजारणीकडे नेऊन ठेवला आहे, कारण तुझ्या नव्वद दिवसांचा तिला भरवसा नाही. जिच्या संसाराच्या वस्तू दुसऱ्याच्या घरी लपवाव्या लागतात, ती बाई नीटनेटक्या घरात राहते असं तू समजतोस. हे मी लिहिलं म्हणून तिला बोलू नकोस.

माझं घर तुला पसारा वाटतं. मला मात्र डोळे मिटूनही त्यात वस्तू मिळते. बियाणं कणगीत, कोयता कुडाला खोचलेला, रेशनकार्ड देवाच्या फोटोमागे, मनालीचे निकाल तांदळाच्या डब्यावर. चहाच्या आधीची तुझी दहा मिनिटं मी बांधावर असते. सध्या बेणणी चालू आहे, आणि भातातलं गवत तुझ्या नोंदवहीची वाट बघत थांबत नाही.

पण दाखला मिळत नाही हे खरं आहे, आणि मी त्या काळजीत आहे. तो ट्रंकेत ह्यांच्या सदऱ्याच्या घडीत असायचा. दोन वर्षांपूर्वी मनालीच्या जातीच्या दाखल्यासाठी मी तो शहापूरला तहसीलला नेला होता. काम झाल्यावर परत आणून ठेवला. ठेवलाच असणार. आता सदरा आहे, घडी आहे, आत दाखला नाही. हे वारल्यावर लहानपणीच त्या पोरीनं नर्स व्हायचं मनात घेतलं ते अजून सोडलेलं नाही. ती जागा गेली तर मी तिला तोंड कसं दाखवू.

मनाली तुझी पत्रं दोन-दोनदा वाचते. तिला मामाचं अक्षर आवडतं. वहिनीला माझा नमस्कार. तुझा लोभ असू दे, पट्टीने आखून का होईना.

तुझी,
हौसा

---

मुरबाड,
२४ ऑगस्ट २०२५

चि. हौसा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

‘ठेवलाच असणार’ हे तुझे शब्द मी लाल पेनाने अधोरेखित केले. सगळा अव्यवस्थित माणूस या दोन शब्दांत येतो. आगारात एखादा ड्रायव्हर मला म्हणाला असता की गाडी आणून लावलीच असणार, तर मी त्याला दारातून आत घेतला नसता.

तुझं हे आजचं नाही. नऊ वर्षांची असताना तू बैल चारायला नेलास, बैल रानात विसरून घरी आलीस आणि भाकरी खायला बसलीस. आबांनी बैल कुठे म्हणून विचारलं तेव्हा तू म्हणालीस, येईल. तो आला, ही गोष्ट वेगळी. तेव्हापासून तुला वाटतं की हरवलेलं सगळं आपल्या पायाने घरी येतं. कागदाला पाय नसतात.

सोबत घराचा नकाशा काढून पाठवला आहे. घराचे आठ भाग पाडले आहेत. रोज एक भाग रिकामा करायचा, प्रत्येक वस्तू अंगणात न्यायची, झाडायची आणि यादीवर खूण करून आत आणायची. देवघराच्या कोपऱ्यापासून सुरुवात कर. शाळेतून दुसरी प्रत काढू असं म्हणशील, तर साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या रजिस्टरात कोण डोकं घालणार? धाऊमामा दोन इयत्ता शिकले, तेही कुठल्या साली ते तुला सांगता यायचं नाही.

पुढचं वाक्य मनालीनेही वाचावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहितो. मुलीचं सगळं आयुष्य एका कागदावर येऊन ठेपलं आणि तो कागद तुझ्या हातात होता, हे तिचं दुर्दैव.

गौरी-गणपतीला येणं जमणार नाही. लोभ असावा.

नथूदादा

---

पाडा,
३ सप्टेंबर २०२५

ती. स्व. दादास हौसाचा नमस्कार. वि. वि.

तुझा नकाशा वापरला. आठ भाग, आठ दिवस. गौरी दारात आल्या तेव्हा माझी ट्रंक, कणगी, मडकी, गोधड्या सगळं अंगणात होतं, आणि बायका हळदीकुंकवाला येऊन विचारत होत्या की घर सोडून चाललीस काय. ह्यांची एक चप्पल मिळाली, मनालीचे दुधाचे दात मिळाले, तुझं आगारात लागल्याचं पोस्टकार्ड मिळालं. दाखला मिळाला नाही. कणगीतलं भातसुद्धा उपसून बघितलं.

तुझं मोठ्या अक्षरातलं वाक्य मनालीनं वाचलं. मी ते पत्र लपवायला हवं होतं, पण माझ्या घरात लपवायची अशी ठरलेली जागा नाही. गोधड्या आत नेताना ती मला म्हणाली, “मामा बोलतो त्यात खोटं काय हाय? तुला काय सांभाळता येत नाय, आई.” मी हातातलं काम करत राहिले. मी चौदा वर्षं एकटीनं शेत सांभाळलं आणि तिला सांभाळलं, हे तिला सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. तुझी इच्छा पूर्ण झाली असेल तर गणपतीला एक मोदक जास्त ठेव.

बारा दिवस राहिले आहेत. मला आता काही सुचत नाही. तुला रागच लिहायचा असेल तर पुढचं पत्र नको, आणि दुसरं काही लिहिता येत असेल तर लिही.

हौसा

---

पाडा,
४ सप्टेंबर २०२५

ती. स्व. मामांस मनालीचा सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र आईला न सांगता पाठवते आहे. तुम्ही लिहिलं ते सगळं बरोबर होतं. या घरात कागद टिकत नाही आणि आपलं काही चुकलं असं आईला वाटतही नाही. तिला विचारलं की ती दुसरंच काही शोधून हातात देते. माझ्यासारखी मुलगी शिकून तरी काय करणार, तिचं घर तिला सोडत नाही.

मी तुमच्या सवयी लावून घ्यायला सुरुवात केली आहे. माझ्या सगळ्या वस्तूंना चिठ्ठ्या लावल्या. सकाळी दहा मिनिटं आवरते. तुमच्यासारखी नोंदवही करायची आहे, पण रकाने कसे पाडायचे ते कळत नाही. नीट भरलेलं एखादं पान नमुना म्हणून पाठवाल का? यंदाची जागा गेली तर पुढच्या वर्षी मी तुमच्याकडे राहून अभ्यास करीन. आईजवळ राहून माझं काही व्हायचं नाही.

मामींना नमस्कार. तुमचा लोभ मला हवा आहे.

तुमची,
मनाली

---

मुरबाड,
६ सप्टेंबर २०२५

हौसा,

हे पत्र तू एकटीनेच वाच. कंडक्टरला तसं बजावलं आहे, ते फक्त तुझ्या हातात द्यायचं.

मनालीने माझ्या नोंदवहीचं एक पान नमुना म्हणून मागवलं. दाखवण्याजोगं पान हवं म्हणून मी २०२३ ची वही काढली. आबा गेले त्या दिवसांत पाहुण्यांची वर्दळ होती, नोंदी पुष्कळ होत्या, आणि ते पान मला छान भरलेलं वाटलं. त्यावरची सातवी नोंद जशी आहे तशी उतरवतो. ‘११ जुलै. निळी कापडी पिशवी एक. आत जुने कागद, कंगवा, बामाची डबी. मालक: बेवारस.’ पुढे ९ ऑक्टोबरची नोंद: ‘मुदत संपली. निकाल: बंबात.’

तू तेव्हा शहापूरहून तहसीलचं काम करून निघाली होतीस. आबांचा शेवट जवळ आल्याचा निरोप तुला वाटेतच मिळाला आणि तू घरी न जाता परस्पर इकडे आलीस. पिशवी खुंटीला अडकवलीस. तेरावं झालं त्याच दिवशी लावणी खोळंबली म्हणून निघालीस आणि पिशवी राहिली. आतले कागद मी उघडून पाहिले नव्हते. जुने, पिवळे, घड्या पडलेले दिसले, म्हणून पाणी तापवायला घातले. धाऊमामांचा दाखला माझ्या आंघोळीला गेला.

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर ती नुसती चूक ठरली असती. पुढचं लिहायला मला कालचा दिवस लागला. पिशवी तुझी आहे हे मला ठाऊक होतं. नोंद करताना सुंदरा म्हणाली होती की ही हौसाची आहे, किन्हवलीच्या गाडीने पाठवून द्या. मी म्हणालो, लागेल तेव्हा मागेल, आणि नाही मागितली तर निदान अद्दल घडेल. म्हणून मालकाच्या रकान्यात तुझं नाव लिहिलं नाही. तीन महिने तू विचारलं नाहीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. माझं म्हणणं खरं ठरलं असं वाटलं होतं. आत काय आहे ते सुंदरालाही माहीत नव्हतं, तिला यात धरू नकोस.

शाळेतून दुसरी प्रत काढायचे टप्पे वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडले आहेत. मी स्वतः येतो, कुठेही पाठव, दिवसभर उभा राहीन.

एक मागणं आहे. मनालीला हे कळू देऊ नकोस. माझ्यासारखं व्हायचं असं त्या पोरीने मला लिहिलं आहे. आयुष्यात मला असं कुणी लिहिलेलं नाही.

नथू

---

पाडा,
१७ सप्टेंबर २०२५

दादास हौसाचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र कंडक्टरनं नाचणीच्या वावरात आणून दिलं. तिथंच वाचलं आणि कमरेला खोचलं. तुझा टप्प्यांचा कागद वाचला नाही. त्यावर वालाच्या शेंगा निवडल्या.

तशीच मातीच्या पायांनी खालच्या पाड्यावर कमळूबाबाकडे गेले. तो आणि आमचे सासरे शाळेत एका वर्गात बसलेले. सासरे शाळेत कधी होते ते मला सांगता येणार नाही असं तू लिहिलं होतंस. मला साल येत नव्हतं, पण कुणाला विचारायचं ते येत होतं. कमळूबाबानं सांगितलं की वाऱ्यानं शाळेचं कौलारू छप्पर गेलं आणि मुलं वर्षभर देवळात बसली, त्या वर्षी धाऊनं शाळा सोडली. शाळेच्या नेहाबाईंना छपराचं साल शाळातपासणीच्या जुन्या शेरेवहीत मिळालं. मग रजिस्टर मिळालं, त्यात पान मिळालं, पानावर आमच्या सासऱ्यांचं नाव, जात, सगळं मिळालं. दुपारी सुरू केलं आणि गुरं घरी यायच्या आत उतारा माझ्या हातात होता. बाईंनी शिक्का मारून दिला. मनालीनं ठाण्याला जाऊन अर्ज भरला. पावती बारा तारखेला कॉलेजात पोचली आणि जागा पक्की झाली.

तुझी नोंद मी खूपदा वाचली. पिशवी मी तुझ्याकडून परतताना जीपमध्ये विसरले असं समजत होते, आणि तिच्यात कंगव्याशिवाय काही नसेल असंही समजत होते. विसरले ती चूक माझी आहे, ती तुझ्या अंगावर घालत नाही. पण आबांचे दिवस घालून मी त्या घरातून बाहेर पडले आणि माझं जे मागं राहिलं त्याला तू मालक नाही असं लिहिलंस. सासरी कुणी मला असं लिहिलं नाही. कुणी लिहिलं असतं तर मी माहेरी येऊन तुझ्यापाशी रडले असते. तू शहाणा असशील, तुझं घर आरशासारखं असेल, पण बहिणीचं नाव लिहायला ज्याच्या वहीत जागा नाही त्याच्या शिस्तीवर मी थुंकते. वाईट वाटलं तर वाटू दे.

मनाली काल हॉस्टेलला गेली. जाण्याआधी तिनं सगळ्या कागदांची फाइल केली, वर चिठ्ठी लावली, फळीवर ठेवली, आणि एसटीत चढताना मला म्हणाली, “आई, त्या फायलीला तू हात लावू नको.” मी बरं म्हटलं.

तिला सांगू नको असं तू लिहिलंस. मी सांगितलेलं नाही. तिला अजून वाटतं की दाखला मी हरवला, आणि मग घाबरून शाळेत धावले. मी आता खरं सांगायला गेले तर तिला वाटेल आई सबब सांगते. तुझी पत्रं वाचून तिला तेवढं शिकायला मिळालं आहे.

भाऊबीजेला मी मुरबाडला येणार नाही. तूच इकडे ये. मनाली सुट्टीवर घरी असेल. तिला समोर बसव आणि ती निळी पिशवी कुणाची होती, ते तुला कधीपासून ठाऊक होतं, हे तुझ्या तोंडानं सांग. लिहून आणू नकोस. पाट मी मांडून ठेवीन. तुझं सांगून झाल्यावर ओवाळीन, त्याआधी नाही.

वहिनीला मनापासून नमस्कार. मनालीनं तुला नमस्कार लिहायला सांगितला आहे. तो मी आज लिहीत नाही. तुझ्यावर लोभ किती ठेवायचा ते ती तुझं ऐकून घेऊन मग ठरवील.

हौसा